परराष्ट्रीय साहाय्य : देणारा आणि घेणारा

दान देणें सोपें आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पण तो फारसा खरा नाहीं. आपल्या धर्मग्रंथांनीं दानाचा महिमा सांगतांना देश, काल व पात्र यांचाही विचार करावयास सांगितलें आहे, तें उगीच नव्हे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. फळावर डोळा ठेवून किंवा मनांत कष्टी होऊन दिलेलें दान तेथें राजस ठरविलें आहे आणि अवज्ञेनें दिलेलें दान तामस ठरविलें आहे. ही एका गृहस्थानें दुसऱ्यास द्यावयाच्या दानाची गोष्ट झाली. मग एका राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्रास साहाय्य करावयाचें म्हटलें, म्हणजे त्यांत किती गुंतागुंत असेल याची कल्पना सहज येईल. देणाऱ्याच्या मागें त्याचे करदाते, कारखानदार आणि मुत्सद्दी उभे असतात; घेणाऱ्याच्या मागें त्याची गरजू प्रजा, रिकामी तिजोरी आणि स्वाभिमान उभा असतो. या दोघांचा मेळ बसला तर साहाय्य फळास येतें. न बसला तर पैसा जातो, आणि पैशाबरोबर परस्परांवरील विश्वासही जातो.

हा विषय केवळ पंडितांच्या चर्चेचा नाहीं. संपन्न राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांस दिलेल्या सरकारी साहाय्याची रक्कम २०२४ सालीं सुमारे २१२ अब्ज डॉलर होती. आंकडा मोठा दिसतो. परंतु प्रत्येक संपन्न राष्ट्रानें आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ०.७ इतका भाग द्यावा, असा जो ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १९७० सालीं केला, त्या मानाच्या निम्म्यापर्यंतही ती पोंचत नाहीं. शिवाय ती आदल्या वर्षापेक्षां घटलेली होती. पुढें जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें आपलें बहुतेक परराष्ट्रीय साहाय्य एकाएकीं थोपवून धरलें, आणि १९६१ पासून काम करीत आलेली तिची साहाय्य-संस्था त्याच वर्षीं १ जुलै रोजीं बंद झाली. ब्रिटननेंही आपला वाटा २०२७ पर्यंत शेंकडा ०.३ वर आणण्याचें फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर केलें. कणगी भरलेली असते तेव्हां थोडी सांडलवंड खपून जाते. कणगीचा तळ दिसूं लागला म्हणजे घरच्या गृहिणीला मूठमूठ मोजून घ्यावी लागते. जगाच्या साहाय्याची कणगी आज त्या स्थितीला आली आहे. म्हणून जें आहे तें वायां न जातां कामीं कसें लागेल, हा प्रश्न आज पूर्वींपेक्षां अधिक निकडीचा झाला आहे.

या व्यवहाराचा एक मोठा धडा दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच मिळाला. युरोपांतील शहरें बेचिराख झालीं होतीं, पूल व लोहमार्ग उखडले गेले होते, आणि १९४६-४७ च्या कडक हिवाळ्यानें कोळशाचा व अन्नाचा तुटवडा पराकाष्ठेस पोंचला होता. अशा वेळीं, ५ जून १९४७ रोजीं, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत एक लहानसें भाषण केलें. त्यांत पैशाच्या आश्वासनाइतकीच महत्त्वाची अशी दुसरी एक गोष्ट होती. युरोपच्या पुनर्घटनेची योजना अमेरिकेनें एकतर्फी आंखणें योग्य होणार नाहीं, ती युरोपीय राष्ट्रांनींच एकत्र बसून तयार केली पाहिजे, असें मार्शल यांनीं बजावलें. त्याप्रमाणें त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत सोळा राष्ट्रांचे प्रतिनिधि पॅरिस येथें जमले. सोव्हिएट रशियानें अंग काढून घेतलें आणि पूर्व युरोपांतील राष्ट्रांसही येऊं दिलें नाहीं. परंतु जीं आलीं, त्यांना एकमेकांच्या गरजा एकमेकांसमोर मांडून त्यांचा हिशेब करावा लागला. थोड्याच वर्षांपूर्वीं परस्परांविरुद्ध लढलेलीं फ्रान्स व इटली हीं राष्ट्रें एका मेजाशीं बसलीं. या सहकार्यासाठीं १९४८ सालीं त्यांनीं एक कायमची संस्था उभारली, आणि १९५२ पर्यंत सुमारे १३ अब्ज डॉलरांचें साहाय्य युरोपास मिळालें.

या योजनेंतील एक युक्ति विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेहून आलेला गहू, कापूस किंवा यंत्रें हीं त्या देशास बहुतांशीं देणगीदाखल मिळत. पण तेथील व्यापाऱ्यास किंवा कारखानदारास तीं फुकट मिळत नसत. तो आपल्या देशाच्या चलनांत त्यांची किंमत भरी, आणि ती रक्कम सरकारच्या एका स्वतंत्र खात्यांत जमा होई. त्या खात्यांतील पैसा कशाकडे लावावयाचा, हें तें सरकार व अमेरिका या दोघांच्या संमतीनें ठरे. फ्रान्सनें तो मुख्यतः जाँ मोने यांच्या योजनेप्रमाणें वीज, कोळसा व पोलाद यांच्या वाढीकडे लावला. ब्रिटननें बराचसा सरकारी कर्ज फेडण्याकडे लावला. पश्चिम जर्मनींत १९४८ सालीं स्थापन झालेल्या पुनर्घटना बँकेनें तो उद्योगधंद्यांस कर्जाऊ दिला, आणि परत आलेली रक्कम पुन्हा दुसऱ्यांस कर्जाऊ दिली. अशा रीतीनें एकाच देणगीनें दोन कामें केलीं. प्रथम तिनें भूक भागविली व यंत्रें पुरविलीं. नंतर तिनें भांडवल उभें केलें. प्रत्येक देशानें त्या भांडवलाचा उपयोग आपापल्या गरजेप्रमाणें वेगवेगळा केला, आणि दात्यानें तो भेद चालवून घेतला.

अर्थात् युरोपचें उदाहरण सर्वत्र जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. युरोपांत इमारती पडल्या होत्या, पण इंजिनियर, कुशल कामगार, बँका, न्यायालयें आणि हिशेब ठेवणारे कारकून शिल्लक होते. आशिया व आफ्रिका या खंडांतील नव्यानें स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांत यांचीच वाण होती. तेथें साहाय्य द्यावयाचें म्हणजे घेणाऱ्याचें सामर्थ्य वाढवीत वाढवीत द्यावें लागतें. आणि नेमका हाच मुद्दा दात्यांच्या ध्यानांत लौकर आला नाहीं.

केनियाच्या वायव्य टोंकास तुर्काना नांवाचें प्रचंड सरोवर आहे. भोंवतालचा मुलूख रूक्ष व उष्ण. तेथील तुर्काना लोक गुरें, उंट आणि शेळ्यामेंढ्या पाळून रहातात. त्यांची श्रीमंती, मानमरातब आणि लग्नांतील देणेंघेणें हें सारें जनावरांच्या संख्येवर मोजलें जातें. ज्याचीं जनावरें दुष्काळांत गेलीं, तो नाइलाजानें माशांकडे वळतो. नॉर्वे हा मासेमारींत निष्णात देश. त्याला सरोवरांतील विपुल मासे दिसले. ते पकडून, गोठवून दूरच्या बाजारांत पाठविले तर या गरीब लोकांचें भाग्य उजळेल, असें त्याच्या तज्ज्ञांना वाटलें. १९७१ सालीं ही कल्पना निघाली. पुढें सरोवराच्या कांठीं मासे गोठविण्याचा एक मोठा कारखाना व बाजारापर्यंतचा रस्ता असा लक्षावधि डॉलरांचा खर्च झाला. कारखाना सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला. त्या होरपळणाऱ्या उन्हांत मासे गोठविण्यास जी वीज व जें स्वच्छ पाणी लागे, त्याचा खर्च माशांच्या किंमतीस परवडेना. सरोवराचा जो उथळ फांटा माशांचें आगर समजला जात होता, तोही पुढें आटला. गुरें सोडून सरोवराकांठीं आलेल्या कुटुंबांचे हाल मात्र दुहेरी झाले. नॉर्वेचा हेतु शुद्ध होता, त्याचे कारागीर कुशल होते, पैसाही कमी नव्हता. कमी होता तो एकच प्रश्न, जो तुर्काना लोकांना आरंभींच विचारावयास हवा होता : तुम्हांला काय पाहिजे ? ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तिचा अर्थ कारखान्याचा आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानांत आला नाहीं.

तुर्काना येथें अज्ञान आडवें आलें. दुसऱ्या कित्येक ठिकाणीं स्वार्थ आडवा येतो. पैसा द्यावयाचा, पण त्यांतून घ्यावयाचीं यंत्रें, बोलावावयाचे तज्ज्ञ आणि भाड्यानें घ्यावयाचीं जहाजें हीं सारीं आपल्याच देशांतील असलीं पाहिजेत, अशी अट घालण्याची पद्धति दातृराष्ट्रांत फार दिवस चालत आली. उजव्या हातानें द्यावें आणि डाव्या हातानें काढून घ्यावें, असा हा प्रकार. याचें गाजलेलें उदाहरण मलेशियांतील पेर्गाऊ नदीवरील धरणाचें आहे. या धरणासाठीं ब्रिटिश सरकारनें २३ कोटी ४० लक्ष पौंडांचें साहाय्य मंजूर केलें. हा खर्च किफायतशीर नाहीं, असा आक्षेप साहाय्य-खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यानेंच घेतला होता. पण तो बाजूस सारण्यांत आला. मागाहून असें उघडकीस आलें कीं, या साहाय्याचा धागा मलेशियास विकावयाच्या शस्त्रास्त्रांशीं जोडलेला होता. नोव्हेंबर १९९४ मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयानें हें साहाय्य बेकायदेशीर ठरविलें. या प्रकरणाचा परिणाम मात्र चांगला झाला. ब्रिटननें २००१ सालीं साहाय्यास आपल्याच मालाची अट घालण्याची पद्धति सोडली, आणि गरिबीचें निवारण हाच साहाय्याचा हेतु असला पाहिजे, असा कायदा २००२ सालीं केला. दात्याच्या घरांतील न्यायालय जागें असलें म्हणजे त्याचा लाभ सातासमुद्रांपलीकडील गरिबांस कसा पोंचतो, याचें हें प्रत्यंतर होय.

तिसरा दोष याहून सूक्ष्म आहे. एखाद्या गरीब देशास एक दाता नसून अनेक असतात. प्रत्येकाची योजना निराळी, हिशेबाचे तक्ते निराळे, पहाणीस येणारीं मंडळें निराळीं. मराठींत यास बारभाईंचा कारभार म्हणतात. पूर्व आफ्रिकेंतील टांझानियानें हा कारभार पुरेपूर भोगला. १९६१ सालीं स्वतंत्र झालेल्या या देशास, न्येरेरे यांच्या साध्या रहाणीवर व ध्येयनिष्ठेवर लुब्ध होऊन, उत्तर युरोपांतील राष्ट्रांनीं सढळ हातानें मदत केली. एकेका खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा दिवस परदेशी पाहुण्यांस भेटण्यांत व त्यांचे अहवाल लिहिण्यांत जाऊं लागला. देशाचें अंदाजपत्रक कोणी पहावयाचें हा प्रश्नच उरला. पुढें १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दोन्ही पक्षांचें बिनसलें. दाते म्हणूं लागले कीं, सरकार कर वसूल करीत नाहीं व लाचलुचपतीस आळा घालीत नाहीं. सरकार म्हणूं लागलें कीं, दाते आमच्याच घरांत आम्हांला पाहुण्यासारखे वागवितात.

अशा वेळीं डेन्मार्कच्या सरकारनें एक शहाणपणाची गोष्ट केली. टांझानियाच्या संमतीनें त्यानें १९९४ सालीं एक स्वतंत्र मंडळ नेमलें. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ जेरल्ड हेलायनर हे त्याचे अध्यक्ष होते, आणि त्यांत टांझानियाचे अर्थशास्त्रज्ञही होते. १९९५ सालीं या मंडळानें दिलेल्या अहवालांत कोणा एकाचीच कानउघाडणी केलेली नव्हती. सरकारचा कारभार ढिला पडला आहे, हें त्यानें स्पष्ट सांगितलें. आणि दात्यांनीं सर्वच निर्णय स्वतःकडे ओढून घेतल्यामुळें आपल्या विकासाची जबाबदारी आपली आहे ही भावनाच टांझानियाच्या सरकारांत उरली नाहीं, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें. त्यानंतर दोन्ही पक्ष एकत्र बसले, कोणी काय सुधारावयाचें याची यादी ठरली, आणि वचनें कितपत पाळलीं जातात हें पहाण्यासाठीं वेळोवेळीं त्रयस्थ परीक्षकांकडून तपासणी होऊं लागली. या तपासणींत घेणाऱ्याबरोबर देणाऱ्याचीही परीक्षा होई, हें तिचें वैशिष्ट्य. एक साधी पण उपयुक्त चाल अशी पडली कीं, अंदाजपत्रकाच्या तयारीचे कांहीं महिने 'शांततेचा काळ' म्हणून राखून ठेवावयाचे. तेवढ्या काळांत परदेशी मंडळांनीं अगदीं अडल्याशिवाय येऊं नये. घरांत मुलाची परीक्षा असली म्हणजे सुज्ञ पाहुणे आपलें येणें पुढें ढकलतात, तशांतलाच हा प्रकार.

टांझानियांत जें एका देशापुरतें घडलें, तेंच सर्व जगासाठीं सूत्ररूपानें मांडण्याचा प्रयत्न मार्च २००५ मध्यें पॅरिस येथें झाला. तेथील जाहीरनाम्यांत पांच तत्त्वें सांगितलेलीं आहेत. विकासाची योजना घेणाऱ्या देशानें स्वतः करावी. दात्यांनीं आपला पैसा त्या योजनेस जुळवून, शक्य तेथें त्याच देशाच्या खजिन्यांतून व हिशेबपद्धतींतून द्यावा. दात्यांनीं आपसांत मेळ घालून एकाच कामासाठीं दहा मंडळें पाठवूं नयेत. किती खर्चिलें यापेक्षां काय साधलें याकडे लक्ष द्यावें. आणि देणारा व घेणारा या दोघांनींही एकमेकांस हिशेब द्यावा. हीं तत्त्वें इतकीं सरळ आहेत कीं, तीं कागदावर लिहून त्यांवर शंभराहून अधिक देशांच्या सह्या घ्याव्या लागल्या, याचेंच कोणास नवल वाटेल. परंतु २०१० पर्यंत गांठावयाच्या तेरा लक्ष्यांची जेव्हां तपासणी झाली, तेव्हां सर्व जगाच्या हिशेबानें त्यांपैकीं अवघें एकच साधलेलें आढळलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, घेणाऱ्या देशांनीं आपल्या बाजूचीं कामें पुष्कळ ठिकाणीं पुढें नेलीं होतीं. हिशेबाच्या व्यवस्था सुधारल्या होत्या. तरीही दाते त्या व्यवस्थांचा उपयोग करण्यास कचरत राहिले. विश्वास ठेवावयाचा असा ठराव करणें सोपें. पण आपल्या मतदारांना तोंड देतांना तो विश्वास टिकविणें कठीण, हेंच यावरून दिसतें.

साहाय्य घेणाऱ्यानें आपली बुद्धि शाबूत ठेवली तर काय होऊं शकतें, याचें उत्कृष्ट उदाहरण भारतांतच आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्यान्वयें १९५६ पासून भारतांत स्वस्त गहू मोठ्या प्रमाणावर येऊं लागला. त्यामुळें शहरांतील भूक भागली, हें खरें. पण १९६५ ते १९६७ या टंचाईच्या वर्षांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं हा गहू महिन्या-महिन्याच्या मंजुरीनें सोडण्याचें धोरण धरलें, तेव्हां परस्वाधीन अन्नाची किंमत देशास कळली. पुढें १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेली 'मिलो' ही लाल ज्वारी महाराष्ट्रांतील ज्या पिढीनें खाल्ली, तिला ती चव विसरतां येत नाहीं. नेमक्या त्याच सुमारास दुधाच्या बाबतींत निराळा मार्ग चोखाळला जात होता.

१९७० च्या आगेंमागें युरोपच्या सामायिक बाजारांतील देशांत दुधाची भुकटी व लोणी यांचे अक्षरशः डोंगर सांचले होते. हा माल भारतांत फुकट वांटला गेला असता, तर शहरांतील मुलांस चार दिवस दूध मिळालें असतें; पण दुधाचा भाव कोसळून खेड्यांतील गवळ्याचें दूध कोणी विचारलें नसतें. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत असें आपण म्हणतों. येथें ते मोजणें अवश्य होतें. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत १९४६ पासून त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांचा सहकारी दूध-संघ चालत होता. तो पाहून १९६४ सालीं पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री प्रभावित झाले, आणि १९६५ सालीं आणंद येथें राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालें. या मंडळाचे प्रमुख डॉ. व्हर्गीस कुरियन यांनीं जी योजना मांडली ती अशी : युरोपनें ही भुकटी व बटर-ऑइल द्यावें, पण तें फुकट वांटावयाचें नाहीं. मोठ्या शहरांतील सरकारी दुग्धालयांनीं त्यापासून दूध बनवून तें स्थानिक दुधाच्या भावास धक्का न लागेल अशा किंमतीस विकावें. आणि त्या विक्रीचा पैसा खेडोपाडीं सहकारी संस्था, शीतगृहें, दूध वाहून नेणाऱ्या टाक्या व पशुवैद्य यांवर खर्च करावा.

जागतिक अन्न-कार्यक्रमाच्या मार्फत १९७० सालीं सुरू झालेली हीच ती 'दुधाचा महापूर' योजना. पहिल्या टप्प्यासाठीं १ लक्ष २६ हजार टन भुकटी व ४२ हजार टन बटर-ऑइल यांचें वचन मिळालें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांच्या बाजारपेठांशीं खेड्यांतील संघ जोडले गेले. योजनेवर टीका झाली नाहीं असें नाहीं. परदेशी भुकटीची संवय देशास लागेल, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. आणि १९८४ सालीं लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तिची तपासणीही केली. ही टीका उपकारकच ठरली, कारण देणगीचें टेकू केव्हां काढावयाचें याचें भान तिनें राखलें. १९९६ सालीं योजनेचा तिसरा व शेवटचा टप्पा संपला. १९९८ च्या सुमारास दूध-उत्पादनांत भारत अमेरिकेस मागें टाकून जगांत पहिला झाला, आणि २०२३-२४ सालीं देशांतील उत्पादन सुमारें २४ कोटी टनांपर्यंत गेलें. हें सारें श्रेय त्या भुकटीचें नव्हे; गोठ्यांत राबणाऱ्या बायकांचें व सकाळसंध्याकाळ दुधाचीं भांडीं घेऊन रांगेंत उभ्या रहाणाऱ्या लहान शेतकऱ्यांचें तें श्रेय आहे. परंतु मार्शल योजनेंतील देणगी विकून भांडवल उभें करण्याची युक्ति येथें घेणाऱ्यानें स्वतः योजिली, आणि दात्यानें ती मान्य केली. सहकार्य म्हणतात तें हेंच.

पैशाखेरीज दुसऱ्या एका बाबतींतही घेणाऱ्याचा हात कसा लागतो, तें पश्चिम आफ्रिकेंतील नदी-अंधत्वाच्या निर्मूलनांत दिसून आलें. वेगानें वहाणाऱ्या नद्यांच्या कांठीं एक काळी माशी वाढते. तिच्या दंशानें शरीरांत एक जंत शिरतो. त्याचीं असंख्य पिलें कातडीखालीं फिरतात, असह्य खाज सुटते, आणि तीं डोळ्यांत गेलीं म्हणजे माणूस कायमचा आंधळा होतो. नदीकांठची जमीन सर्वांत सुपीक, आणि तीच माणसांनीं सोडून दिलेली, अशी शोचनीय स्थिति होती. लहान मूल काठीचें एक टोंक धरून आंधळ्या बापास वाट दाखवीत चाललें आहे, हें दृश्य त्या प्रदेशांत नेहमींचें होतें. १९७४ सालीं सात देश, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि अनेक दाते एकत्र आले. माशी एका देशाची हद्द मानीत नाहीं. तेव्हां एका देशानें एकट्यानें कांहींच साधलें नसतें. सर्वांचा पैसा एका ठिकाणीं जमा झाला, एकच योजना आंखली गेली, आणि पुढें देशांची संख्या अकरावर गेली. विमानांतून व हेलिकॉप्टरांतून नद्यांवर अळीनाशक फवारण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें. १९८७ सालीं मर्क या औषधांच्या कंपनीनें आपलें आयव्हरमेक्टिन हें औषध गरज असेल तोंपर्यंत विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. २००२ सालीं हें कार्य संपलें, तेव्हां सुमारें ६ लक्ष लोकांची दृष्टि वांचली होती आणि २॥ कोटी हेक्टर जमीन पुन्हा लागवडीस मोकळी झाली होती.

परंतु औषध फुकट मिळालें म्हणजे तें तोंडांत पडलेंच असें नव्हे. जेथें डॉक्टर नाहीं, रस्ता नाहीं, अशा हजारों खेड्यांत तें दरवर्षीं कोणी पोंचवावयाचें ? १९९५ सालीं आफ्रिकेंतील इतर देशांसाठीं जें दुसरें कार्य सुरू झालें, त्यांत या प्रश्नाचें उत्तर गांवकऱ्यांवरच सोंपविण्यांत आलें. औषध वांटणारा माणूस गांवानें निवडावयाचा, वांटपाचा दिवस गांवानें ठरवावयाचा, नोंदवही गांवानें ठेवावयाची. वजनाचा कांटा नसला तरी अडूं नये म्हणून औषधाचें प्रमाण उंचीवरून ठरविलें गेलें; खुणा केलेली एक काठी उभी करावयाची, माणूस तिच्याशीं उभा करावयाचा, आणि खूण पाहून गोळ्या मोजून द्यावयाच्या. आंधळ्यास हाताला धरून नेणारी काठी जेथें घरोघर होती, तेथें आतां ही मोजणीची काठी फिरूं लागली. शिकलेल्या तज्ज्ञांनीं ठरविलेल्या वांटपापेक्षां गांवानें ठरविलेलें वांटप अधिक टिकाऊ ठरलें. जानेवारी २०२५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें नायजर हा देश या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें. हा मान मिळविणारा आफ्रिकेंतील तो पहिला देश होय.

या सर्व उदाहरणांवरून कांहीं गोष्टी निःसंशय ठरतात. साहाय्याचा आराखडा ज्याला त्या आराखड्यांत रहावयाचें आहे त्यानें काढावा. दात्यानें त्यास प्रश्न विचारावे, पण त्याच्या हातांतील लेखणी काढून घेऊं नये. साहाय्य किती व किती वर्षें मिळणार, हें आधींच सांगितलेलें असावें. महिन्या-महिन्यानें सोडलेल्या गव्हासारखें तें टांगतें ठेवूं नये, आणि २०२५ सालीं झालें तसें एका रात्रींत आटवूं नये. साहाय्य बंद होऊं नये असें नाहीं. तें एके दिवशीं बंद व्हावें हाच तर हेतु असतो. पण दुधाच्या योजनेप्रमाणें तें टप्प्याटप्प्यानें बंद व्हावें, आणि मधल्या काळांत घेणाऱ्याचे पाय जमिनीस लागलेले असावेत. घेणाऱ्याचेंही कर्तव्य कमी नाहीं. आपल्या श्रीमंतांकडून कर वसूल करावा, हिशेब प्रजेसमोर उघडे ठेवावे, आणि नको असलेल्या देणगीस नको म्हणण्याचें धैर्य दाखवावें. जो आपल्या प्रजेस हिशेब देत नाहीं, त्यानें परक्यास दिलेल्या हिशेबाला किंमत नाहीं.

भारताला तर आतां या व्यवहाराच्या दोन्ही बाजू ठाऊक झाल्या आहेत. २००३ सालीं त्यानें कांहीं मोजक्या देशांखेरीज इतरांचें द्विपक्षीय साहाय्य घेणें थांबविलें. दुसरीकडे १९६४ पासून तो परदेशांतील विद्यार्थी व अधिकारी यांस शिक्षण देत आला आहे, आणि अफगाणिस्तानांत हेरात प्रांतांत त्यानें बांधलेलें सलमा धरण २०१६ सालीं पुरें झालें. ज्याला कालपर्यंत देणाऱ्याच्या अटी बोंचत होत्या, तो आज दात्याच्या आसनावर बसतो, तेव्हां त्याची खरी कसोटी लागते. सून असतांना सोसलेलें सासू झाल्यावर विसरावयाचें, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. राष्ट्रांच्या कुटुंबांत भारतानें ती रीत चालवूं नये, आणि ज्या देशास तो साहाय्य देईल त्या देशांतील शेतकऱ्यास, शिक्षकास व दाईस प्रथम विचारून मग देण्याची नवी रीत पाडावी. त्यासाठीं लागणारा अनुभव आणंदच्या गोठ्यांतून त्याच्या गांठीं आधींच आहे.